पाळी यायच्या आत ठरवा: अंगावर पाजणाऱ्या आईसाठी गर्भनिरोधनाची निवड

प्रश्न थोडक्यात असा आहे. वय २७, पहिलं बाळ पाच महिन्यांचं, सिझेरियन झालेलं. बाळ फक्त आईच्या दुधावर आहे, पाळी अजून सुरू झालेली नाही. हिमोग्लोबिन ९.६. यजमान पुण्याला कंपनीत, पंधरा दिवसांतून एकदा घरी येतात. त्यांना निरोध आवडत नाही, म्हणून गेल्या दोन महिन्यांत दोनदा औषधाच्या दुकानातून ‘७२ तासांची गोळी’ आणून घेतली. लग्नानंतर माला-डी चालू केली होती, पण ती विसरायची. अधूनमधून अर्धं डोकं दुखतं, आणि त्याआधी वीस-पंचवीस मिनिटं डोळ्यांसमोर नागमोडी चमकती रेघ दिसते. सासूबाई म्हणतात तांबी पोटात वर चढते. शेजारणीने ‘अंतरा’चं इंजेक्शन घेतलं तर तिची पाळीच गेली. पुढचं मूल हवं आहे, पण हे तीन वर्षांचं झाल्यावर. काय निवडावं?

आधी उत्तर, कारणं नंतर. तुमच्यासाठी पहिली निवड तांबी, म्हणजे कॉपर-टी ३८०ए. तीही पाळीची वाट न पाहता, बाळाचं उष्टावण व्हायच्या आत बसवून घ्या. सोबत तीन महिने लोहाच्या गोळ्या. तांबी नकोच असेल तर अंतरा, तेही नको असेल तर छाया ही आठवड्याच्या हिशोबाने घ्यायची गोळी. माला-एन, माला-डी किंवा त्या जातीची कुठलीही गोळी तुमच्यासाठी नाही. आत्ता नाही आणि बाळाचं दूध सुटल्यावरही नाही. का, ते खाली येईलच.

सुरुवात मुदतीपासून करू, कारण तुमच्याकडे वेळ थोडा आहे. आत्तापर्यंत दिवस राहिले नाहीत याचं श्रेय त्या दोन गोळ्यांपेक्षा बहुधा बाळाच्या पिण्याला जास्त आहे. बाळ वारंवार अंगावर पितं तेव्हा आईच्या मेंदूकडून बीजकोशाला मिळणारे इशारे दबून राहतात आणि स्त्रीबीज तयार होत नाही. तीन अटी एकाच वेळी पाळल्या जात असतील तर पहिल्या सहा महिन्यांत शंभरातल्या दोघींनाही दिवस राहत नाहीत. बाळ सहा महिन्यांच्या आतलं हवं, बाळंतपणानंतर पाळी एकदाही आलेली नको, आणि बाळाला फक्त अंगावरचं दूध हवं, तेही दिवसा चार तासांहून आणि रात्री सहा तासांहून मोठा खंड न पडता. यातली एक अट मोडली की संरक्षण संपलं. वरचं दूध सुरू केलं तर संपलं, बाळ रात्री सलग आठ तास झोपायला लागलं तरी संपलं. आणि उष्टावण झालं, वरणाचं पाणी नि मऊ भात सुरू झाला, की ते नक्कीच संपतं.

इथे सर्वांत जास्त फसगत होते ती ‘पाळी आली नाही म्हणजे दिवस राहू शकत नाहीत’ या समजुतीने. पाळी येते ती बीज सुटल्यानंतर साधारण दोन आठवड्यांनी. म्हणजे बाळंतपणानंतरचं पहिलं बीज पहिल्या पाळीच्या आधीच सुटू शकतं. ते फळलं तर पाळी येतच नाही, आणि बाई समजते की दूध पाजतेय म्हणून आली नाही. तीन-चार महिन्यांनी पोट दिसायला लागल्यावर उलगडा होतो.

याच कारणाने, काही ठिकाणी तुम्हाला ‘पाळी आल्यावर या, मग तांबी बसवू’ असं सांगितलं जाईल, तर ते मान्य करू नका. पाळीत बोलावण्यामागचा हेतू एवढाच असतो की बाई गरोदर नाही याची खात्री व्हावी. ती खात्री करण्याचे दुसरे मार्ग आहेत. प्रसूतीला सहा महिने व्हायचे आहेत, बाळ पूर्ण अंगावर आहे आणि पाळी आलेली नाही, हे तिन्ही खरं असेल तर गरोदरपण नाही असं धरून त्याच दिवशी तांबी बसवता येते, इंजेक्शन देता येतं. हे सरकारी कार्यक्रमाच्या मार्गदर्शक सूचनांतच आहे. शंका वाटली तर लघवीची तपासणी करून घ्या. सहा महिने उलटल्यावर ही सवलत राहत नाही. मग तपासणी, मधल्या काळात निरोध, दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा तपासणी, असा लांबचा रस्ता धरावा लागतो.

आता गोळी का नाही. माला-एन (सरकारी, मोफत) आणि माला-डी (विकतची) यांत दोन संप्रेरकं असतात: लेव्होनॉरजेस्ट्रेल ०.१५ मिलिग्रॅम आणि इथिनिल इस्ट्रॅडिऑल (हे इस्ट्रोजेन) ०.०३ मिलिग्रॅम. पाकिटात अशा २१ गोळ्या आणि शेवटी लोहाच्या ७. दूध पाजणाऱ्या आईला पहिले सहा आठवडे ही गोळी अजिबात देत नाहीत, आणि सहा महिन्यांपर्यंत टाळतात, कारण इस्ट्रोजेनमुळे दूध कमी होऊ शकतं आणि बाळंतपणानंतरच्या पहिल्या आठवड्यांत रक्ताची गुठळी होण्याचा धोका आधीच वाढलेला असतो.

पण तुमच्या बाबतीत दूध हा दुय्यम मुद्दा आहे. खरी अडचण ती नागमोडी चमक. डोकेदुखीच्या आधी डोळ्यांसमोर अशा रेघा येणं, दिसण्याचा एखादा भाग नाहीसा होणं, हातातोंडाला एका बाजूने मुंग्या येणं, याला ऑरासह मायग्रेन म्हणतात. अशा बाईला इस्ट्रोजेन असलेली गोळी दिली तर मेंदूच्या रक्तवाहिनीत गुठळी होऊन पक्षाघात होण्याचा धोका वाढतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गवारीत हे चौथ्या वर्गात येतं, म्हणजे वय काहीही असो, देऊच नये. साध्या डोकेदुखीला ही बंदी नाही. गोळी मागताना ‘डोकं दुखतं का?’ एवढंच विचारलं जातं आणि ‘कधीतरी’ म्हटलं की विषय संपतो. डोळ्यांसमोर काय होतं हे कुणी विचारत नाही. तुम्ही लिहिलंत म्हणून कळलं. यापुढे कुठल्याही डॉक्टरांना हे स्वतःहून सांगा, पाळी नियमित करायला गोळ्या लिहून देत असतील तेव्हासुद्धा. त्यांतल्या बऱ्याच गोळ्या याच जातीच्या असतात.

गोळीला चालत नाहीत अशा बाकीच्या गोष्टीही इथेच सांगून टाकतो, कारण हा धागा इतरही वाचतील. रक्तदाब १४०/९० किंवा त्याहून जास्त, पस्तिशीनंतर धूम्रपान, पायात किंवा फुफ्फुसात पूर्वी गुठळी झालेली, यकृताचा चालू आजार, स्तनाचा कर्करोग. क्षयरोगाच्या औषधांतलं रिफाम्पिसिन आणि फिटीच्या औषधांपैकी फेनिटॉइन, कार्बामॅझेपिन, फेनोबार्बिटोन यांनी गोळीतली संप्रेरकं शरीरातून लवकर निघून जातात आणि गोळी घेऊनही दिवस राहतात. अशा वेळी तांबी किंवा अंतरा. रक्तदाब न मोजता गोळीचं पाकीट हातात देणं ही आपल्याकडची सर्रास चूक आहे. मोजायला दोन मिनिटंही लागत नाहीत.

आता मुख्य गोष्ट. साधन निवडताना सगळे विचारतात की कोणतं जास्त खात्रीचं. तो प्रश्न बरोबर आहे, आणि आकडे असे आहेत: वर्षभर शंभर जोडप्यांनी नेहमीच्या माणसासारखं, चुकतमाकत वापरलं तर बाहेर वीर्यपतन करण्याच्या पद्धतीत सुमारे २० जणींना दिवस राहतात, निरोधवर १३, रोजच्या गोळीवर ७, अंतरावर ४, तांबीवर एकीहूनही कमी (०.८). गोळी एकही न चुकवता घेतली तर तिचंही अपयश ०.३ आहे, म्हणजे ७ आणि ०.३ मधलं सगळं अंतर विसरण्याचं आहे. तुम्ही एकदा विसरला आहात, आता घरात तान्हं बाळ आहे, तर पुन्हा विसराल. यात कमीपणा काही नाही, पण रोज आठवण ठेवावी लागेल असं साधन निवडू नये एवढा हिशोब त्यातून निघतो.

मात्र साधन अर्ध्यावर सोडून दिलं जातं ते बहुतेक वेळा ते फसलं म्हणून नव्हे. सोडलं जातं ते अंगावरून जाण्याच्या पद्धतीत बदल झाला आणि तो होणार हे आधी कुणी सांगितलं नव्हतं म्हणून. तांबीने जास्त जातं, अंतराने कधीही थोडं थोडं जातं आणि मग थांबतं, छायाने पाळी लांबते. हे औषधाचे ठरलेले परिणाम आहेत. तुमच्या शेजारणीची पाळी ‘गेली’ नाही. अंतरा वर्षभर घेणाऱ्या जवळपास निम्म्या बायकांची पाळी थांबते, आत रक्त साठत नाही, आणि इंजेक्शन थांबवल्यावर ती परत येते. तेव्हा स्वतःला असा प्रश्न विचारा की यातला कोणता बदल मला चालेल. महिन्यातून पाच दिवस भरपूर गेलेलं परवडतं, पण सणावाराला, देवघरात, स्वयंपाकघरात केव्हाही डाग दिसलेला चालत नाही, असं घर असेल तर अंतरा पहिल्या सहा महिन्यांतच बंद पडतं. मनाला पटो वा न पटो, घरातल्या या नियमांचा विचार न करता दिलेलं साधन टिकत नाही.

तांबीबद्दल आता नीट. इंग्रजी टी आकाराची ही प्लास्टिकची लहान काडी, तिच्यावर तांब्याची तार आणि दोन्ही हातांवर तांब्याच्या पट्ट्या. तांब्याचा एकूण पृष्ठभाग ३८० चौरस मिलिमीटर, म्हणून ते नाव. तांब्याचे कण गर्भपिशवीतल्या स्रावात मिसळून शुक्राणूंना निकामी करतात. संप्रेरक काहीच नाही, म्हणून दुधावर परिणाम नाही आणि मायग्रेनशी संबंध नाही. ती दहा वर्षं चालते, पण दहा वर्षं ठेवलीच पाहिजे असं नाही. काढली की त्या किंवा पुढच्या महिन्यापासून दिवस राहू शकतात. सरकारी दवाखान्यात पाच वर्षांची ३७५ नावाचीही मिळते. तुमच्या गरजेला दोन्ही पुरतील.

‘वर चढते’ यात तथ्य किती? गर्भपिशवी वरून बंद असते. तिथून पोटात, छातीत जायला वाट नाही. क्वचित बसवतानाच पिशवीच्या भिंतीला छिद्र पडून तांबी पोटाच्या पोकळीत जाऊ शकते. हे हजारात एक-दोनदा होतं. दूध पाजणाऱ्या आईत पिशवी लहान आणि मऊ असल्याने हा धोका थोडा जास्त असतो. म्हणून बसवणाऱ्या व्यक्तीला दोन गोष्टी आवर्जून सांगा: बाळ अंगावर पितं आणि सिझेरियन झालेलं आहे. सिझेरियननंतर पिशवी कधी कधी पोटाच्या भिंतीला चिकटून वर ओढलेली असते आणि तिचं तोंड सापडायला वेळ लागतो. अनुभवी हात असेल तर अडचण येत नाही. नव्याने शिकणाऱ्या कुणाकडून शिबिरात घाईने बसवण्यापेक्षा ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात ठरवून जा.

तिथे काय होतं? आधी आतून तपासणी: पिशवीचा आकार, ती पुढे झुकलेली की मागे, तोंडाला सूज किंवा पू आहे का. पांढरं जाण्याला दुर्गंधी असेल, ओटीपोट दाबल्यावर दुखत असेल तर आधी उपचार, मग तांबी. बसवल्यानंतर ओटीपोटात होणारा संसर्ग मुख्यतः पहिल्या वीस दिवसांत होतो, आणि तो बहुधा आधीपासून असलेल्या जंतूंमुळे. म्हणून ही तपासणी वगळू देऊ नका. मग पिशवीचं तोंड जंतुनाशकाने पुसून चिमट्याने धरतात, बारीक सळईने खोली मोजतात. ती साडेसहा-सात सेंटीमीटर भरली तर ठीक, सहाच्या आत असेल तर तांबी नीट बसत नाही. मोजलेल्या खोलीवर नळीची निळी खूण लावून तांबी आत सोडतात आणि धागे पिशवीच्या तोंडाबाहेर सुमारे तीन सेंटीमीटर ठेवून कापतात. हे सगळं पाच ते दहा मिनिटांत होतं. चिमटा लावताना आणि सळई आत जाताना पाळीत येते तशी कळ येते. अर्धा तास आधी जेवून आयब्युप्रोफेन ४०० मिलिग्रॅम घेतली तर नंतरची कळ कमी राहते, आणि ही गोळी दूध पाजताना चालते. आम्लपित्ताचा व्रण किंवा या गोळीची ॲलर्जी असेल तर अर्थात नाही. झाल्यावर लगेच उठू नका, दहा-पंधरा मिनिटं पडून राहा, काहींना चक्कर येते.

संरक्षण त्याच क्षणापासून सुरू. पहिले काही दिवस थोडे डाग, थोडी कळ. पाळी परत आल्यावर पहिले तीन ते सहा महिने नेहमीपेक्षा एक-दोन दिवस जास्त आणि भरून जाईल, मग कमी होईल. या काळात पाळीच्या दिवसांत डॉक्टरांच्या सल्ल्याने मेफेनॅमिक ॲसिड किंवा ट्रॅनेक्सॅमिक ॲसिडच्या गोळ्या घेता येतात. तांबी निसटून पडण्याची शक्यता पहिल्या तीन महिन्यांत सर्वाधिक, तेही पाळीच्या वेळी. म्हणून पॅड किंवा कापड टाकण्याआधी एकदा बघा. पाळी संपल्यावर हात धुऊन बोट आत घालून धागे लागतात का ते पाहता येतं. ओढू नका. धागे लागले नाहीत, फार लांब वाटले, किंवा टणक प्लास्टिक लागलं, तर दाखवून या, तोवर निरोध. धागे न लागणं म्हणजे तांबी हरवली असं नव्हे. बरेचदा ते आत गुंडाळलेले असतात आणि सोनोग्राफीत तांबी जागेवर दिसते. महिन्याभराने एकदा तपासून घ्या. नंतर तक्रार नसेल तर वारंवार चकरा नकोत.

हिमोग्लोबिन ९.६ असताना जास्त रक्त नेणारं साधन का सुचवतो आहे? कारण तुमची पाळी अजून आलेलीच नाही, दूध पाजत असेपर्यंत ती उशिरा आणि कमी येण्याची शक्यता आहे, आणि तेवढा वेळ रक्त भरून काढायला मिळतो. ७ च्या खाली असतं तर आधी उपचार म्हटलं असतं. तुम्हाला सरकारी लोहगोळ्या (प्रत्येकीत ६० मिलिग्रॅम लोह) रोज दोन, तीन महिने. मग पुन्हा तपासणी. महिन्याने हिमोग्लोबिन साधारण एक ग्रॅम वाढलं नाही तर गोळी पोटात जाते का, जंत आहेत का, की आजार दुसराच आहे, हे पाहावं लागतं. गोळी चहाबरोबर किंवा कॅल्शियमच्या गोळीबरोबर घेतली तर लोह शोषलं जात नाही. मध्ये दोन तास जाऊ द्या, लिंबू पिळलेल्या पाण्यासोबत घ्या. बाळंतपणानंतर लोह आणि कॅल्शियमच्या दोन्ही गोळ्या एकत्र गिळून टाकायची सवय फार घरांत आहे, आणि हिमोग्लोबिन न वाढण्याचं ते एक साधं कारण असतं. शौचाला काळं होईल, घाबरू नका.

विदर्भात आणि नंदुरबारकडे सिकलसेल (रक्ताचा आनुवंशिक आजार) असलेल्या बायकांसाठी हा हिशोब उलटा आहे. तिथे तांबीपेक्षा अंतरा बरं, कारण पाळीतलं रक्त वाचतं आणि सिकलसेलच्या दुखण्याचे झटकेही कमी होतात असं दिसलेलं आहे.

अंतरा म्हणजे मेड्रॉक्सीप्रोजेस्टेरॉन १५० मिलिग्रॅम, दंडात किंवा कुल्ल्यात, दर तीन महिन्यांनी. बाळंतपणाला सहा आठवडे झालेले असले की दूध पाजणाऱ्या आईला चालतं. टोचल्या जागी चोळू नका, शेकू नका. चोळल्याने औषध लवकर पसरून शेवटचे आठवडे कोरडे पडतात. पुढची तारीख कार्डावर लिहून घ्या. ठरल्या तारखेच्या दोन आठवडे आधी किंवा चार आठवडे उशिरापर्यंत पुढचं इंजेक्शन घेता येतं, पण ते चार आठवडे अडचणीसाठी आहेत, सवयीसाठी नव्हेत. वजन वर्षाला एक-दोन किलो वाढू शकतं. हाडांची घनता घेत असताना थोडी उतरते आणि बंद केल्यावर भरून येते. मायग्रेनमुळे तुमच्यासाठी एक अट: इंजेक्शन सुरू केल्यावर चमक किंवा डोकेदुखी वाढली तर पुढचं घेऊ नका, तांबीकडे वळा.

अंतरात तुमच्यासाठी खरी गुंतागुंत आहे ती परतीची. शेवटच्या इंजेक्शननंतर दिवस राहायला सरासरी दहा महिने लागतात. कुणाला लवकर, कुणाला दीड वर्षही. तुम्हाला पुढचं मूल हे तीन वर्षांचं झाल्यावर हवं, म्हणजे दिवस राहायला हवेत ते साधारण आजपासून बावीस महिन्यांनी. तर इंजेक्शनं आज, तिसऱ्या, सहाव्या, नवव्या आणि बाराव्या महिन्यात, अशी पाचच घ्यायची. त्यांचं संरक्षण पंधराव्या महिन्यापर्यंत. पुढे ज्या महिन्यापर्यंत थांबायचं आहे तोवर निरोध, कारण सरासरी दहा महिने म्हणजे कुणालाही पाचव्या महिन्यात दिवस राहू शकतात. हा हिशोब न सांगता ‘तीन वर्षं घ्या, मग बंद करा’ म्हटलं जातं आणि मग बाई वर्षभर वंध्यत्वाच्या तपासण्या करत फिरते. तांबीत ही भानगड नाही, आणि तुमच्यासाठी तिला वरचा क्रमांक देण्याचं हे मोठं कारण.

छाया ही लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत तयार झालेली, आपल्याच देशातली गोळी. बाजारात ती १९९१ पासून सहेली नावाने आहे. ऑर्मेलॉक्सिफेन ३० मिलिग्रॅम. इस्ट्रोजेन नाही, प्रोजेस्टेरॉन नाही, दुधाला चालते. पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, नंतर एकदा. पहिली गोळी रविवारी घेतली तर दुसरी बुधवारी, सोमवारी घेतली तर गुरुवारी, याप्रमाणे. तीन महिन्यांनंतर फक्त पहिला वार धरायचा. चूक दोन ठिकाणी होते: सुरुवातीपासूनच आठवड्याला एक घेतली जाते, किंवा वार हुकला की तो आठवडा सोडून दिला जातो. पाळी सुरू असती तर पहिल्या दिवशी सुरू करा म्हटलं असतं. तुम्ही वार निवडा, गावच्या आठवडी बाजाराचा वार विसरला जात नाही. राहून गेली आणि सात दिवसांच्या आत आठवलं तर लगेच घ्या, ठरलेला वार तसाच ठेवा, पुढच्या पाळीपर्यंत निरोध वापरा. सात दिवस उलटले तर पुन्हा पहिल्यापासून, आठवड्यातून दोनदा. पाळी पंधरा दिवसांहून जास्त लांबली तर तपासणी. बीजकोशात गाठी असलेल्यांना, नुकतीच कावीळ होऊन गेलेल्यांना ही देत नाहीत.

दंडात बसवायची सळईही आता आली आहे: काडेपेटीतल्या काडीएवढी, इटोनोजेस्ट्रेल ६८ मिलिग्रॅम, तीन वर्षं चालते, आणि अपयश हजारात एखादंच. सरकारी कार्यक्रमात ती मोजक्या जिल्ह्यांत टप्प्याटप्प्याने येते आहे. तुमच्याकडे मिळत असेल तर अंतराच्या आधी तिचा विचार करा, कारण काढली की बीजधारणा लगेच परतते. डाग पडण्याचा त्रास मात्र अंतरासारखाच, आणि मायग्रेनची अटही तीच.

७२ तासांच्या गोळीबद्दल. लेव्होनॉरजेस्ट्रेल १.५ मिलिग्रॅमची ही गोळी बीज सुटणं पुढे ढकलते. बीज आधीच सुटलं असेल तर तिचा उपयोग होत नाही. राहिलेला गर्भ ती पाडत नाही. पहिल्या बारा-चोवीस तासांत घेतली तर गुण जास्त, तिसऱ्या दिवशी कमी. दोन तासांच्या आत उलटी झाली तर पुन्हा घ्यावी लागते. दूध पाजताना चालते. पण ती त्या एका वेळेपुरती आहे, त्याच पंधरवड्यातल्या पुढच्या संबंधाला तिचं संरक्षण नाही. यजमान दोन दिवस राहून जाणार असतील तर शनिवारी घेतलेल्या गोळीवर रविवार निभावत नाही. तांबी बसवेपर्यंत निरोधच वापरा. आवडीचा प्रश्न दोन-तीन आठवड्यांपुरता बाजूला ठेवता येईल. खोबरेल तेल किंवा व्हॅसलीन लावू नका, रबर काही मिनिटांत कमकुवत होतं. बाळंतपणानंतर दुधामुळे कोरडेपणा असतो, त्यासाठी पाण्यात विरघळणारी जेली मिळते. फाटला किंवा निसटला तर पाच दिवसांच्या आत तांबी बसवली की तीच सर्वांत खात्रीचा तातडीचा उपाय ठरते.

आणि एवढं करूनही पाळी चुकली किंवा शंका आली तर दुकानातून गर्भपाताच्या गोळ्या आणून घरी घेऊ नका. सिझेरियनच्या व्रणावर किंवा पिशवीबाहेर बीजनळीत गर्भ असेल तर त्या गोळ्यांनी जिवावर बेततं, आणि तो कुठे आहे हे सोनोग्राफीशिवाय कळत नाही. साधन फसल्यामुळे राहिलेला गर्भ नोंदणीकृत केंद्रात काढून घेणं कायदेशीर आहे. गर्भपाताच्या कायद्यातल्या २०२१ च्या दुरुस्तीनंतर त्यासाठी लग्नाचीही अट राहिलेली नाही. सज्ञान बाईला नवऱ्याच्या सहीची गरज नाही.

तांबी बसवल्यावर कधी धावत जायचं तेही लिहून ठेवा: ताप येऊन ओटीपोटात सतत दुखणं, दुर्गंधीचा स्राव, तासाला एक पॅड भिजेल इतकं जाणं, पाळी चुकून एका बाजूला कळ येणं. शेवटचं सर्वांत महत्त्वाचं. तांबी असताना दिवस राहणं दुर्मीळ, पण राहिलेच तर ते नळीत राहिले असण्याची शक्यता एरवीपेक्षा जास्त असते.

दुसऱ्या बाळाच्या वेळी हा सगळा प्रश्न आधीच सोडवता येतो. प्रसूतीनंतर ४८ तासांच्या आत, सिझेरियन झालं तर टेबलावरच, तांबी बसवतात. त्यानंतर मात्र सहा आठवडे थांबावं लागतं. निसटण्याचं प्रमाण अशा वेळी थोडं जास्त, म्हणून सहा आठवड्यांनी तपासणी चुकवायची नाही. आणि दोन मुलं पुरे असं ठरलं तर बायकोचं ऑपरेशन हा एकच मार्ग डोळ्यांसमोर ठेवू नका. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या विवाहित स्त्रियांपैकी ३७.९ टक्के स्त्रियांची नसबंदी झालेली होती, तर पुरुष नसबंदीचा आकडा ०.३ टक्के. वैद्यकीय दृष्टीने याला काहीच आधार नाही. पुरुषाची बिनटाक्याची नसबंदी जागेवर भूल देऊन दहा-पंधरा मिनिटांत होते, पोट उघडावं लागत नाही, दोन सिझेरियन झालेल्या पोटात पुन्हा दुर्बीण घालण्यापेक्षा ती कितीतरी सोपी आहे, आणि अपयशही कमी. दोन दिवस विश्रांती, आठवडाभर सायकल आणि जड ओझं नको. ताकद, इच्छा, वीर्याचं प्रमाण यांत फरक पडत नाही. चूक होते ती एकच: ऑपरेशन झालं म्हणून दुसऱ्या आठवड्यापासून निर्धास्त होणं. नळीच्या पुढच्या भागात शुक्राणू शिल्लक असतात, म्हणून तीन महिने दुसरं साधन आणि मग वीर्यतपासणी. अहवालात शुक्राणू शून्य आल्यावरच निरोध बंद करायचा.